घराचा ठराव सर्वांच्या संमतीने व्हावा

अमरावती जिल्ह्यातील एका खेड्यातून जर्मनीत स्थायिक झालेल्या एका वाचक भगिनीने विचारले आहे की, आपल्या कुटुंबाचे ध्येय काय हे त्यांनी व त्यांच्या पतीने मिळून लिहून काढले, तो कागद फ्रिजवर लावला, परंतु त्यातील प्रेम, प्रामाणिकपणा, प्रगती या शब्दांकडे मुले ढुंकूनही पाहत नाहीत आणि गावी राहणाऱ्या सासू-सासऱ्यांना तर असा कागद आहे हेही ठाऊक नाही. मग हा मजकूर लिहावा तरी कसा?

ताई, शब्दांविषयी पुढे लिहितोच, पण खरी अडचण शब्दांच्या आधीची आहे. जो ठराव दोघांनी केला, तो इतरांनी आपला मानावा ही अपेक्षा सहसा पुरी होत नाही. या बाबतीत आपल्या विदर्भातच एक मोठा धडा उपलब्ध आहे. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा पुष्कळांनी ऐकलेली असते. मात्र त्यामागची पद्धत तितकीशी कोणी लक्षात घेत नाही. तेथे अभ्यासगट आणि ग्रामसभा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या आहेत. अभ्यासगटात एखाद्या विषयाची माहिती घ्यायची आणि मनसोक्त चर्चा करायची, पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत आणि तोही बहुमताने नव्हे, तर सर्वांच्या संमतीने व्हायचा. एकाचीही हरकत असेल, तर विषय पुढच्या सभेवर जातो. या रीतीने कामकाज करणाऱ्या गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, तेव्हा सर्वसंमतीने कामे रखडतात हा आक्षेप मला पटत नाही.

घरातही हेच करावे. जर्मनीतील रविवारची दुपार म्हणजे गावाकडची संध्याकाळ; त्या वेळी आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर घेऊन सुरुवातीचे काही रविवार नुसते बोलावे आणि काहीही लिहू नये. आजोबांना नातवंडांकडून काय हवे आहे, मुलांना गावी गेल्यावर काय आवडते आणि काय सोसवत नाही, तुम्हा दोघांना कशाची चिंता वाटते, हे सर्व मोकळेपणाने बोलले जावे. मतदान मात्र कधीही घेऊ नये, कारण घरात मत मोजले की हरलेला माणूस त्याच घरात रोज जेवायला बसतो. समजा, पंधरा वर्षांची मुलगी म्हणाली की दर उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी यायचे नाही, तर दर सुट्टीत गावी जाण्याची ओळ तूर्त लिहूच नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाचा लाकडी बैल तान्ह्या पोळ्यात फिरवायला एकदा तरी यायची तिची तयारी असेल, तर तेवढेच लिहावे. ते पाळले जाईल.

एक विषय मात्र टाळू नये, आणि बहुतेक कुटुंबे नेमका तोच टाळतात. तो म्हणजे वावराचा, अर्थात गावच्या शेतजमिनीचा. सासरे फोनवर ‘आता वावराचं तुमीच पाहा’ म्हणतात, मुलगा ‘पाहू’ म्हणतो, आणि वर्षामागून वर्षे जातात. जमीन मक्त्याने (ठरावीक रकमेवर) द्यायची की बटईने (पिकाच्या वाट्यावर), कपाशी-तुरीचा खर्च कोणी करायचा, विहिरीच्या मोटारीपासून सालदारापर्यंतचे (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यापर्यंतचे) निर्णय कोणाच्या शब्दावर व्हायचे, आणि पुढे विकायची वेळ आलीच तर कोणाकोणाला विचारल्याशिवाय विकायची नाही, हे ठरावात आलेच पाहिजे. परदेशस्थ भारतीयांना वारसाहक्काने आलेली शेतजमीन ठेवता येते, पण परवानगीवाचून नवी शेतजमीन विकत घेता येत नाही; म्हणजे आज घाईने विकलेले वावर उद्या पश्चात्ताप झाला तरी सहजासहजी परत मिळणार नाही. एवढी मोठी बाब ज्या कागदावर नाही, त्याला कुटुंबाचे ध्येय म्हणणे मला जड जाते. भावंडे गावात शेती कसत असतील, तर त्यांना या चर्चेत प्रथमपासून घ्यावे, कारण राबणारे हात त्यांचे आहेत.

आता शब्दांविषयी. तुमच्याच जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांची दशसूत्री पुन्हा वाचून पाहावी. भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र: प्रत्येक ओळीत कोणाला आणि काय, हे स्पष्ट सांगितले आहे, म्हणून निरक्षर माणसालाही ती कळली. तुमच्या ठरावातील ओळीही अशाच असाव्यात. ‘आम्ही कष्टाचा आदर करतो’ याऐवजी ‘जेवल्यावर आपले ताट आपण उचलून धुवायचे, पाहुणे असले तरी’ असे लिहावे. ‘आम्ही मुळांशी नाते जपतो’ याऐवजी ‘मृगापासून पेरणी आटोपेपर्यंत दर रविवारी मुलांनीच आजोबांना फोन करून पाऊस किती झाला, दुबार पेरणी तर करावी लागली नाही ना, हे विचारायचे’ असे लिहावे. ‘आम्ही समाजाचे ऋण मानतो’ याऐवजी गावच्या जिल्हा परिषद शाळेसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम, आणि ती कशासाठी, हे लिहावे. रक्कम लहान असली तरी चालेल. अशा पाच-सहा ओळी पुरेत. त्या मराठीत असाव्यात, आजीला वाचून दाखवता येतील इतक्या सोप्या, आणि मुलांनी त्या आपल्या हाताने लिहाव्यात, अक्षर कसेही असले तरी.

आपल्या भागात गुढीपाडव्याला सालदाराचे नवे साल ठरते आणि मागचा हिशेब मिटवला जातो. त्याच दिवशी गावचा फोन लावून हा कागदही समोर घ्यावा. जी ओळ वर्षभर पाळली गेली नाही, तिच्याबद्दल कोणालाही बोल न लावता ती का जमली नाही हे विचारावे, आणि पुढेही जमणार नसेल तर सर्वांच्या संमतीने ती खोडावी. वावराविषयीची ओळ मात्र खोडण्याआधी सासऱ्यांशी आणि गावातील दिराशी समोरासमोर बसून बोलावे. ते काम फोनवर उरकू नये.