स्क्रीन कुणाकडे तोंड करून आहे?

निपाणी, रविवार रात्र

पोरी,

तुझा तो लांबलचक मेसेज तीनदा वाचला, तिसऱ्यांदा चष्मा पुसून. जमिनीच्या कन्नड उताऱ्याचा फोटो काढला की तुझ्या प्रोजेक्टमध्ये तो मराठीत दिसतो. नावात, क्षेत्रात चूक असेल तर दुरुस्तीचा अर्जही तिथेच भरला जातो. आता तुझे गाईड म्हणतात, मधली ती 'वाचून खात्री करा' ही पायरी काढून टाक, सगळं एका बटणात झालं पाहिजे. आणि तू मला विचारतेस, "काका, वापरणाऱ्याला काहीच कळावं लागत नाही, तेच चांगलं सॉफ्टवेअर ना? मग मला वाईट का वाटतंय?"

वाईट वाटतंय ते बरंच आहे. तू हुशार आहेस, जमेल तुला, असलं काही मी लिहिणार नाही. ते तुझी आई रोज सांगते.

माझं म्हणणं एकच. दहावीच्या सुट्टीत दुकानात टायपिंग शिकायला यायचीस तेव्हापासून तू ते ऐकतेस आणि तेव्हापासून हसतेस. स्क्रीन समोरच्याकडे वळव.

१९९६ साली कर्ज काढून पहिला संगणक घेतला, सी-डॅकचं जिस्ट कार्ड, म्हणजे आपल्या लिप्या उमटवणारं कार्ड, बसवलेला. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत दहा बाय आठचं दुकान. त्याआधी टायपरायटर होते, मराठीचं मशीन वेगळं, कन्नडचं वेगळं, आणि बोटांना दोन्ही सवयी वेगवेगळ्या. संगणकावरच्या इन्स्क्रिप्टच्या पाटीवर, म्हणजे सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकाच धर्तीच्या कीबोर्डवर, मात्र डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि ज्या बटणाने मराठीत क उमटतो त्याच बटणाने कन्नडमध्येही क. मला तो तेव्हा चमत्कार वाटला, आजही वाटतो. १ नोव्हेंबरला बाहेर एकीकडे राज्योत्सव, एकीकडे काळा दिवस, माझं शटर अर्धं खाली, आणि आत दोन्ही क एकाच बोटाखाली. (पुढे सरकारी कामाला 'नुडी' हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर आलं, त्याची पाटी निराळी. सगळे तिकडे गेले. मी गेलो नाही. हट्टी आहे, तुला माहीत आहे.)

आपल्याकडे शेतकरी मराठी बोलतो आणि उतारा कन्नडमध्ये येतो. बरोबर की चूक, ते या पत्रात घेत नाही. १९५६ पासून त्यावर बोलता बोलता पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. कागद हातात आहे, जमीन आपली आहे आणि कागदावर काय आहे ते कळत नाही, असा माणूस रोज माझ्या बाकड्यावर येऊन बसायचा. माझा धंदाच त्यावर.

मग 'भूमी' आलं, कर्नाटक सरकारचं जमिनीच्या नोंदींचं संगणकीकरण, २००१ च्या सुमाराला. राज्यभरातल्या ६७ लाख शेतकऱ्यांचे सुमारे दोन कोटी उतारे तलाठ्याच्या दप्तरातून संगणकात गेले. तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपयांत छापील उतारा. त्याचं कौतुक पुष्कळ झालं, पण त्यातली एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. खिडकीवर दोन स्क्रीन होत्या, एक आतल्या माणसासाठी आणि दुसरी बाहेर उभ्या असलेल्या शेतकऱ्याकडे तोंड केलेली, आपल्या कागदाचं काय चाललंय ते त्याला दिसावं म्हणून. ज्या कुणाला हे सुचलं त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो.

मी चिकोडीला जाऊन ती स्क्रीन बघत उभा होतो. शेजारी फेटा बांधलेले एक आजोबा. तेही बघत होते. शेवटी मला म्हणाले, "दिसतंय की वो. पण काय दिसतंय?"

त्या आठवड्यात मी सुताराकडून एक पाट करून घेतला, खाली गाडीचं टाकाऊ बेअरिंग. त्यावर चौदा इंची मॉनिटर ठेवला. एका हाताने ढकलला की तो गिऱ्हाईकाकडे फिरायचा, आणि मी बोट ठेवून ओळ न ओळ मराठीत सांगायचो. हे तुझं नाव, हा सर्वे नंबर, इथे तुझ्या चुलत्याचं नाव राहून गेलंय. तू तो पाट बघितला आहेस. त्यावर बसून गोल फिरल्याबद्दल तुला एक रट्टाही मिळाला आहे.

पण पाटाचं पुण्य सांगून मला सुटता येणार नाही. तुझ्या आईलाही न सांगितलेली गोष्ट आहे.

२००३. दुकानात गर्दी, लाइट जायची वेळ झालेली, यूपीएस दहा मिनिटांचा. भाऊ-बहीण आले. बहीण बिड्या वळणारी, बाकड्याच्या टोकाला पदर आवळून बसली. भाऊ माझ्या कानाशी बसून सांगत गेला, मी कन्नडमध्ये टाइप करत गेलो. हक्कसोडपत्र होतं. वडिलांच्या जमिनीतला तिचा हिस्सा ती सोडते आहे, राजीखुशीने. 'राजीखुशीने' हा शब्द मी टाइप केला. पाट फिरवायला एक हात लागतो. मी फिरवला नाही.

आठ महिन्यांनी ती एकटी आली. ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "कागद तुमी लिवलासा. मंजे तुमास्नी ठावं हुतं."

मी म्हणालो, मी टायपिस्ट, वकील नव्हे. खोटं नव्हतं ते. साक्षीदार होते, नोंदणी व्हायची होती, सांगणारा सख्खा भाऊ होता, आणि मागे सात माणसं खोळंबलेली. वीस वर्षांवर झाली, मी ही यादी स्वतःला वाचून दाखवतो आहे. यादीत चूक काही सापडत नाही. तरी वाचावी लागते.

आता तुझ्या एका बटणाकडे ये. ते बटण म्हणजे २००३ सालचा मी.

रागावू नकोस. पण तुम्हाला कॉलेजात डग्लस एंगेलबार्ट शिकवतात तो माऊसचा जनक म्हणून, एका ओळीत, दोन मार्कांना. त्या माणसाला माऊसशी फार देणंघेणं नव्हतं. माणसाची बुद्धी वाढवायची, आणि तीही चारचौघांनी मिळून अवघड प्रश्न सोडवण्यासाठी, हा त्याचा ध्यास. १९६२ च्या अहवालात त्याने एक गंमत केली. पेन्सिलीला वीट बांधली आणि लिहून बघितलं. हात जड झाला की अक्षर बिघडतं, लिहिणं कमी होतं, आणि लिहिणं कमी झालं की माणसाच्या विचाराची रीतही बदलते. अवजार हलकं झालं तर याच्या उलट होईल, हा त्याचा हिशेब. तुलाही मी ती वीट बांधून दिली होती, सुतळीने. 'निपाणी' लिहायला घेतलंस आणि 'नि'वरच वीट आदळून तुझ्या पायाचा अंगठा सुजला.

९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत त्याने दीड तास प्रात्यक्षिक दिलं. माऊस दिसला, सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. पण मला त्यातला दुसराच भाग आवडतो. सुमारे पन्नास किलोमीटरवर, म्हणजे आपल्याला कोल्हापूर आहे त्याहून जरा लांब, त्याचा सहकारी बसलेला. दोघं एकाच स्क्रीनवर, एकाच मजकुरावर काम करत होते, एकमेकांचा चेहरा बघत. १९६८ साली! जगाने त्याचा माऊस उचलला. दोघांनी मिळून एक कागद बघायचा, ही गोष्ट उचलायला मात्र आणखी कितीतरी वर्षं घेतली. आणि तुझे गाईड ती आता परत काढून टाकायला सांगतायत.

तुझ्या बटणाने तुझी पेन्सिल हलकी होते गं. वीट कुठे जाते ते बघ. ती त्या शेतकऱ्याच्या हातात जाते. आज अर्ज भरला गेला. उद्या कचेरीत कुणी विचारलं, "हे काय लिहिलंयस?" तर तो परत तुझ्या फोनकडे बघणार.

आणखी एक सांगतो, मग थांबतो. १९७३ साली अमेरिकेतल्या बर्कलेत एका गाण्यांच्या रेकॉर्डच्या दुकानात, जिन्याच्या वर, काही पोरांनी लोकांसाठी एक टर्मिनल ठेवलं, लांबच्या संगणकाला जोडलेलं, कुणीही त्यावर निरोप लिहावा आणि वाचावा म्हणून. त्याचा टेलिटाइप, म्हणजे तारेने जोडलेला टायपरायटर, इतका खडखडायचा की तो पुठ्ठ्याच्या खोक्यात फोम लावून झाकला होता. (माझा डॉट मॅट्रिक्स आठव, शेजारचा केशकर्तनवाला भांडायला यायचा.) आणि शेजारी एक माणूस बसवलेला, नवख्याला हात धरून दाखवायला. कुणीतरी त्यावर विचारलं, इथे चांगले बेगल कुठे मिळतात? बेगल म्हणजे मधे भोक असलेला पाव. उत्तरांमध्ये एक असं होतं की अमक्या नंबरवर फोन करा, पूर्वी बेगल करणारा एक जण तुम्हाला ते करायला शिकवेल.

हे वाचलं तेव्हा मला माझी फाईल आठवली. कुणाचा अर्ज कुठे अडकला, कसा सुटला, ते मी संगणकात गावाप्रमाणे लिहून ठेवत होतो. आडनाव गळलेला एक जण सुटला की त्याला विचारून त्याचा नंबर पुढच्या अडकलेल्याला द्यायचो. दोघं एसटीने एकत्र कचेरीत जायचे. एकदा तर त्यातून सोयरीक जमली, मला आहेर मिळाला. तो माणूस कुठल्या गावात आहे हे यंत्राने लक्षात ठेवलं, कचेरीत सोबत माणूसच गेला. तुझ्या प्रोजेक्टमध्ये अशा फाईलला जागा आहे का, ते मला कळव. गाईडला नको, मला कळव.

एआय सगळा कोड लिहितं, मग मी कशाला, असंही तू विचारलंस. लिहू दे की. 'राजीखुशीने' हा शब्दही ते माझ्यापेक्षा शुद्ध लिहील. बंगळूरची नोकरी घ्यायची तर घे, भाडं काही पत्रातून भरता येत नाही. मी पुण्याला गेलो नाही याचं कारण तत्त्व होतं की भीती, ते मलाच अजून नीट सांगता येत नाही, तेव्हा त्या बाबतीत माझं ऐकू नकोस. मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही गिऱ्हाईकाला शिकवून गिऱ्हाईक घालवलं." खरं आहे. अर्धी माणसं शिकून गेली, परत आली नाहीत. त्याच्या फीसाठी मला दोनदा सोनं ठेवावं लागलं, तेव्हा त्याने म्हणावं. पण त्या माणसांचा आता कुणी मधल्यामधे कागद फिरवत नाही, आणि हे मी कुठल्याच वहीत जमेला धरू शकलो नाही, म्हणजे ते जमा नव्हतं असं होत नाही. असो. पत्र तुझं आहे, मी माझीच केस लढवत बसलो.

वाचून खात्री करायची पायरी काढू नकोस. मार्क गेले तर जाऊ देत. आणि ती पायरी आहे तशी पुरेशी आहे असंही समजू नकोस.

कारण ती बाई अजून येते. वय झालंय, बोटं वाकडी झालीत, बिड्या सुटल्या. पेन्शनचा काही कागद असला की माझ्याकडेच येते, का येते ते मी विचारायचं धाडस केलेलं नाही. तिला कन्नड वाचता येत नाही. मराठीही वाचता येत नाही. तुझी स्क्रीन तिच्याकडे वळवली तर तिला काय दिसणार आहे? मी मोठ्याने वाचतो, दोनदा, आणि मग तिला म्हणतो, आता तुमी सांगा मी काय वाचलं. ती सांगते. चुकलं तर परत. कधी अर्धा तास जातो.

दिवाळीला आलीस की लॅपटॉप घेऊन दुकानात ये, तिला त्या दिवशी बोलावून ठेवतो. चार्जर आण, आणि जमलं तर एक एक्स्टेंशन बोर्डही, माझ्या भिंतीतला प्लग सैल झालाय.

काका