संप्रेरक, संजीवक आणि रक्तातला ‘मार्कर’

पिंपळगाव बसवंतच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या १३ वर्षांच्या मुलाची उंची वाढेना म्हणून नाशिकला दाखवलं, मुलगा वयात येऊ लागलाय का हे बघायला रक्त तपासलं. डॉक्टर ‘हार्मोन मार्कर’ म्हणाले, माहितीपत्रकात ‘संप्रेरक’ छापलं होतं आणि घरी मुलाचे आजोबा म्हणाले, ‘म्हणजे आपल्या बागेतलं संजीवकच की!’ हे तिन्ही एकच का?

आजोबांच्या म्हणण्यात तथ्य आहे. द्राक्षाच्या घडांना आपण जीए देतो. ते जिब्रेलिक ॲसिड वनस्पतींच्या अंगातही आपोआप तयार होतं, म्हणजे हार्मोनच. पण शेतीत ‘संजीवक’ हा शब्द फवारून किंवा घड बुडवून वरून दिलेल्या द्रव्याला रुळलाय. मुलाच्या बाबतीत तो वापरला, तर पोराला काही टोचलंय की काय असं ऐकणाऱ्याला वाटेल. तिथे ‘संप्रेरक’च हवा. १९०५ साली स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने ‘हार्मोन’ हा शब्द रूढ केला, तो ‘चालना देणे’ अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. संप्रेरकातला ‘ईर्’ धातू तोच अर्थ सांगतो, ‘प्रेरणा’ही त्याचीच. पारिभाषिक शब्द इतका नेमका क्वचितच बसतो.

मार्कर म्हणजे रक्तातल्या ज्या द्रव्याच्या प्रमाणावरून शरीरात काय चाललंय ते कळतं ते. त्याला मी ‘दर्शक’ म्हणेन. ‘निर्देशांक’ नको, तो महागाईच्या निर्देशांकासारखा हिशेबाने काढतात, दर्शक रक्तात प्रत्यक्ष असतो. एकच द्रव्य शरीराच्या लेखी संप्रेरक आणि डॉक्टरांच्या लेखी दर्शक असू शकतं. एलएच हे संप्रेरक घ्या. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ते निघतं आणि वृषणांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तयार करायला लावतं. मुलगा वयात येऊ लागला की सुरुवातीला ते रात्री झोपेत उसळतं, त्यामुळे दिवसा घेतलेल्या रक्तात ते लहान मुलाइतकंच कमी दिसू शकतं. टेस्टोस्टेरॉनसाठीही रक्त सकाळी घेतात ते उगाच नाही.

एएमएच या वृषणांतल्याच दुसऱ्या संप्रेरकाची तऱ्हा उलटी. लहान मुलग्यांत ते भरपूर असतं आणि वृषणांत टेस्टोस्टेरॉन वाढू लागलं की घसरतं. वृषणांतलंच आणखी एक संप्रेरक, इन्हिबिन बी, त्याच काळात चढतं. तेव्हा ताई, या वयात एएमएचचा आकडा आधीपेक्षा खाली दिसला तर लगेच धास्तावू नका. तिथे घसरण हीच वयात येण्याची खूण असते. डॉक्टर रक्तासोबत वृषणांचा आकारही पाहतात. तो ४ मिलिलिटर झाला की सुरुवात झाली असं धरतात, आणि ती साधारण ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान कधीही होते.

‘वयात आला’ मुलाबद्दल म्हणतात का, असंही त्यांनी विचारलंय. खुशाल म्हणावं. मिसरूड फुटणं, आवाज फुटणं हे सगळं नंतरचं. रक्तात त्याची तयारी बरीच आधी सुरू झालेली असते. ‘पौगंडावस्था’ही आज चालते, पण संस्कृतातल्या जुन्या गणनेत पौगंड दहाव्या वर्षी संपतं आणि पुढे पंधरापर्यंत कैशोर. मुलाशी बोलताना मी तरी ‘किशोरवय’ म्हणेन.