तापलेलं लेकरू आणि फोनवरचा डॉक्टर

प्रश्न : माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. आम्ही पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात राहतो. मिस्टर मुंबईला माथाडी कामगार आहेत. मुलीला ताप आला की लहान मुलांच्या डॉक्टरांसाठी कराड गाठावं लागतं. पावसात एसटीचा भरवसा नसतो, तापलेलं पोर कडेवर घेऊन जाण्या-येण्यात अख्खा दिवस जातो. मिस्टर म्हणतात, व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना दाखव. सासूबाई म्हणतात, छातीला नळी लावल्याशिवाय डॉक्टरला काय कळणार? मी कुणाचं ऐकू?
— एक आई, तालुका पाटण

उत्तर : दोघांचंही ऐका. कोणत्या दुखण्यात कुणाचं ऐकायचं, तेवढं सांगते.

सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही. फोनवरून मला छातीतली घरघर ऐकू येत नाही, कानात बघता येत नाही, पोट दाबून बघता येत नाही. तान्ह्या बाळाची टाळू भरलेली आहे की खोल गेली, हे हात लावूनच कळतं. म्हणून तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर मी कॉलवर एकही औषध सांगत नाही. ते बाळ त्याच दिवशी, रात्र असेल तर त्याच रात्री, दवाखान्यात आलं पाहिजे.

तुमची मुलगी अडीच वर्षांची आहे. या वयाच्या पुष्कळ दुखण्यांत पहिला प्रश्न असतो तो आत्ता निघायचं, उद्या सकाळी निघायचं की घरीच सांभाळायचं, हा. याचं उत्तर व्हिडिओवर बऱ्याचदा चांगलं मिळतं, पण फोन कसा धरलाय यावर ते अवलंबून असतं. फोन हातात धरू नका, एखाद्या डब्याला टेकवून उभा करा. मुलीला मांडीवर घेऊन खिडकीकडे तोंड करून बसा. उजेड पाठीमागून आला की मला नुसती काळी सावली दिसते. सुरुवातीला मला आवाजसुद्धा नको असतो. पोरगी आईला बिलगते का, समोर धरलेल्या खेळण्याकडे बघते का, रडताना डोळ्यांत पाणी येतं का, एवढं आधी बघू दे. नुसतं ‘अंग चटका बसेल इतकं गरम आहे’ म्हणून मला काही ठरवता येत नाही. १०२ ताप असूनही पाणी मागणाऱ्या पोरापेक्षा १०० तापात मान टाकून पडलेलं पोर मला जास्त धास्तावतं.

खोकला असेल तर सदरा पूर्ण वर करायला सांगते. गेल्या पावसाळ्यात वरच्या अंगाच्या एका वाडीतून एका आईचा फोन आला होता. साधा खोकला आहे, औषधाचं नाव सांगा, एवढंच ती म्हणत होती. पोरगं दीड वर्षाचं, स्वेटरमध्ये गुंडाळलेलं, चेहरा शांत. स्वेटर वर करायला लावला, तर प्रत्येक श्वासाबरोबर फासळ्यांच्या खालचा भाग आत ओढला जात होता. पुढे काही न विचारता १०८ ला फोन करायला सांगितलं. ते पोरगं न्यूमोनियातून बरं झालं. स्टेथोस्कोप तिथं लागला नाही, उघडी छाती दिसणं लागलं.

श्वास मोजायला शिकून घ्या. पोरगी झोपलेली किंवा शांत असताना छाती-पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, कारण लहान मुलांचा श्वास एकसारख्या लयीत चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा : दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास वेगात चाललाय. तुमच्या मुलीसाठी ४० हा आकडा लक्षात ठेवा. रडताना मोजू नका. तापानंही श्वास थोडा वाढतो, म्हणून शंका आली तर ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. छाती आत ओढली जात असेल, तर मात्र मोजत बसू नका, निघा.

आता वजन. फोनवर मी सगळ्यात आधी तेच विचारते आणि निम्म्या घरांत उत्तर येतं, ‘असेल दहा-बारा किलो.’ पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो : एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे १२ किलोच्या पोरीला १२० ते १८०. त्यातून या एकाच औषधाच्या बाटल्या तीन तऱ्हेच्या मिळतात. एका सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात तेवढ्याच ५ मिलीत २५०, आणि तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये एका मिलीतच १००. ‘एक चमचा द्या’ एवढं ऐकून आईनं ड्रॉप्सच्या बाटलीतून ५ मिली दिलं, तर पोराच्या पोटात एकदम ५०० मिलिग्रॅम जातं. म्हणून मी बाटली कॅमेऱ्यासमोर धरायला लावते आणि लेबल मोठ्यानं वाचून घेते. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. औषध घरच्या चमच्यानं देऊ नका, बाटलीबरोबरच्या मापानं किंवा सुई नसलेल्या सिरिंजनं द्या. दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर हवं आणि दिलेल्या प्रत्येक डोसची वेळ लिहून ठेवा. एकदा आईनं आणि पुन्हा आजीनं, असं दोनदा औषध जाणं नेहमीचं आहे.

पावसाळ्यात एक गोष्ट आणखी. डेंग्यूत ताप उतरला की घरात सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि डॉक्टरांचा दुसरा कॉल रद्द करतात. नेमके तेच दिवस, साधारण तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतचे, जपायचे असतात. ताप गेला पण पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, पोरगी मलूल पडलीय, लघवी कमी झालीय, तर कॉल नको, दवाखाना. आणि डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन किंवा मेफेनामिक अ‍ॅसिड असलेलं तापाचं औषध देऊ नका. नुसतं पॅरासिटामॉल द्या. लेबल वाचायचं ते यासाठीसुद्धा.

जुलाबात मात्र फोनचा फार उपयोग होतो. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळायचं, छोटं असेल तर त्यावर लिहिलेल्या मापात. अर्धं आज, अर्धं उद्या करायचं नाही. ते चमच्याचमच्यानं कसं पाजायचं, हे मी समोर बसल्यासारखं दाखवू शकते. सोबत झिंकची गोळी १४ दिवस. डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसली, किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर घर सोडा.

खोकल्याची बाटली कुणी फोनवर सहज सांगितली, तर विचारा की ती कशासाठी. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपनं लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यातल्या काहींनी आपल्या नागपुरात उपचार चालू असताना जीव सोडला. मला त्यावर आजही शांतपणे बोलता येत नाही. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं त्यानंतर पुन्हा बजावलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्यांना ती सहसा देऊ नयेत. तुमची मुलगी यात बसते.

तुमच्या भागात रेंज ही मोठी अडचण असणार. त्यावर उपाय आहे. केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ ही मोफत सेवा २०१९ पासून सुरू आहे आणि गावाजवळच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतील, तर ते तिच्यावरून डॉक्टरांशी गाठ घालून देतात. मला हा मार्ग घरच्या व्हिडिओ कॉलपेक्षा बरा वाटतो, कारण मुलीजवळ शिकलेलं माणूस असतं. ते ताप मोजतं, वजन करतं, बोटाला ऑक्सिजन बघायचा चिमटा लावतं आणि आकडे डॉक्टरांना सांगतं.

ज्यांच्याशी बोलाल, त्यांच्या चिठ्ठीवर नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का, हे बघा. आपल्याकडे दूरवैद्यकीय सेवेचे नियम २५ मार्च २०२० ला आले, लॉकडाऊन सुरू झाला त्याच दिवशी. त्यांत हे स्पष्ट आहे. मूल असेल तर सोबत मोठं माणूस हवं, डॉक्टरांनी त्याची ओळख पटवून घ्यायची, आणि काही औषधं पहिल्या वेळी व्हिडिओवर बघितल्याशिवाय लिहायची नाहीत, हेही आहे. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ताप-खोकला, औषध पाठवा’ एवढाच मेसेज टाकला आणि डॉक्टरांनी कॉल करायला सांगितलं, तर रागावू नका.

पोरगी काहीच पीत नाही, प्यालेलं सगळं उलटून टाकते, झटका आला, हलवूनही नीट जागी होत नाही, ओठ निळे दिसतायत, यांतलं एकही असेल तर कुठलाच व्हिडिओ लावू नका. १०८ फिरवा. आणि आज अंगात काही नसताना एकदा कराडला येऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना मुलगी दाखवून जा. धडधाकट असताना ती कशी दिसते हे ज्यांनी बघितलंय, त्यांना कॉलवर तिची तब्येत फार लवकर कळते.

प्रश्न : माझी मुलगी-जावई इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला असतात. नातू चार वर्षांचा. त्याला ताप आला की लेक आमच्या इथल्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल करते, ते अँटिबायोटिकचं नाव सांगतात आणि मी पार्सल करते. तिथले डॉक्टर नुसतं ‘वाट बघा’ म्हणतात, असं लेक सांगते. हे बरोबर आहे ना?
— एक आजी, सांगली

उत्तर : आजी, पार्सल बंद करा. तुमची माया मला समजते, पण चार वर्षांच्या पोराच्या बहुतेक तापांचं कारण विषाणू असतो आणि त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. तिथले डॉक्टर वाट बघा म्हणतात ते हयगय म्हणून नव्हे. पार्सल पोचेपर्यंत साधा ताप उतरलेला असतो, आणि न उतरलेल्या तापाला डॉक्टरांनी समोर बसून बघायला हवं असतं.

आपले दूरवैद्यकीय सेवेचे नियम भारताबाहेरच्या रुग्णाला लागू नाहीत. म्हणजे इथल्या डॉक्टरांनी कितीही आपुलकीनं सांगितलं, तरी काही बिघडलं तर नातवाला तिथं उचलून नेणारं माणूस त्यांच्या हाताशी नाही. लेकीला सांगा, इंग्लंडमध्ये १११ हा नंबर दिवसरात्र चालतो. नातू पाचच्या आतला आहे, म्हणून वेबसाइटवर उत्तरं भरत न बसता तिनं फोनच करायचा. जिवावर बेतलं तर ९९९. सांगलीच्या डॉक्टरांकडून लसींची जुनी नोंद, आधीची दुखणी, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी हे लिहून घ्या आणि लेकीला पाठवा. तिथल्या डॉक्टरांना ते खरोखर उपयोगी पडेल.

प्रश्न : आमचे डॉक्टर फोनवर बोलायचीही फी घेतात. पाच मिनिटांच्या बोलण्याचे पैसे का द्यायचे?
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : सल्ला आणि जबाबदारी दोन्ही तितकीच असते. नियमांनीही फीच्या बाबतीत फोनवरचा सल्ला समोरासमोरच्या तपासणीसारखाच धरला आहे. उलट फी देणाऱ्यानं हक्कानं पावती आणि औषधांची चिठ्ठी मागावी. कॉलवर ‘प्रत्यक्ष घेऊन या’ एवढंच सांगितलं, तरी तो सल्लाच आहे. माझ्याकडे त्याच दुखण्यासाठी दोन दिवसांत पोरगं आणलं, तर मी दुसरी फी घेत नाही. तुमच्या डॉक्टरांची पद्धत काय, हे कॉल लावण्याआधीच विचारून घ्या.