ऑपरेशन पाच आठवड्यांवर आलंय, आता आराम करू की चालू?

"मॅडम, तुम्हीच समजवा हिला. जिने चढायचे दिवस आहेत का हे?"

मुलगा अजून खुर्चीत टेकलाही नव्हता. आई त्याच्या मागून सावकाश येत होत्या. वय ६८, मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ, ऑपरेशनची तारीख पाच आठवड्यांनंतरची. भूलतज्ज्ञांनी सांगितलं होतं की तोवर रोज व्यायाम करा, थोडी धाप लागेल इतका. घरी याचा उलटाच परिणाम झाला. मुलाने आईची कॉट बाथरूमच्या दाराशी आणली, औषध-पाणी उशाशी ठेवलं आणि बजावलं, "ऑपरेशनपर्यंत सगळी ताकद राखून ठेव."

मोठ्या ऑपरेशनआधीच्या समुपदेशनात हा प्रश्न मला सतत भेटतो. कधी मुलगा विचारतो, कधी नवरा, कधी स्वतः पेशंट. म्हणून ही एक गोष्ट सविस्तर लिहिते आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

मी आधी आईंना विचारलं, "काकू, तुम्हाला काय वाटतं?"

"माझं काय, तुम्ही म्हणाल ते."

हे बोलताना त्यांच्या उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर होती. नाडी बघत होत्या. पुढची दहा मिनिटं ती बोटं तिथून हलली नाहीत. मी ते मनात ठेवलं आणि मुलाकडे वळले, कारण त्याचा प्रश्न खरा होता आणि त्याला नीट उत्तर हवं होतं.

ताकद राखून ठेवायची, हे त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. चुकत होती ती रीत. शरीरात ताकद साठते ती स्नायूंत, आणि पडून राहिलं की पहिल्यांदा झिजतात तेही स्नायूच, त्यातही मांड्यांचे. धडधाकट वयस्कर माणसांना नुसतं दहा दिवस अंथरुणावर ठेवून पाहिलं, तर त्यांच्या पायांमधून जवळपास एक किलो वजनाचे स्नायू गेले होते. त्यांना आजार नव्हता, ऑपरेशन नव्हतं, खाणंपिणं व्यवस्थित होतं. मोठं ऑपरेशन झालं की जखम भरायला आणि जंतूंशी लढायला शरीराला प्रथिनं लागतात. ती पोटातून पुरेशी मिळाली नाहीत, तर शरीर आपल्याच स्नायूंतून काढून घेतं. शिवाय कूस बदलणं, उठून बसणं, जोर लावून खोकणं, कफ बाहेर काढणं, ही सगळी कामं स्नायूंचीच. मांड्या आधीच वाळलेल्या असतील तर काढणार कुठून?

"पण मॅडम, पाच आठवड्यांत काय असा फरक पडणार?"

हा प्रश्न मला आवडतो, कारण याची उत्तरं मोजून ठेवलेली आहेत. १९६६ साली अमेरिकेत डॅलसमध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यात ठेवलं. श्रम करताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ती क्षमता त्यांच्यात चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त घसरली. याच पाच जणांना तीस वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने जेवढी घट केली होती, त्याहून जास्त घट त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केली होती. मुलगा गप्प झाला. त्याच्या डोळ्यांसमोर बाथरूमजवळची कॉट आली असणार, आणि मला त्याचं वाईट वाटलं. त्याने जे केलं होतं ते मायेपोटीच केलं होतं.

म्हणून दुसरी बाजूही लगेच सांगितली. कॅनडात मॉन्ट्रियलला आतड्याच्या कॅन्सरच्या पेशंटना दोन गटांत विभागलं होतं. व्यायाम, आहार आणि मनाचा आधार दोघांनाही सारखाच दिला. फरक एवढाच, की एका गटाला तो ऑपरेशनच्या सुमारे चार आठवडे आधी सुरू केला आणि दुसऱ्याला ऑपरेशननंतर. ऑपरेशन होऊन आठ आठवडे झाल्यावर पहिल्या गटातल्या ८४ टक्के लोकांचं चालणं पहिल्यासारखं किंवा त्याहून बरं झालं होतं. दुसऱ्या गटात हे प्रमाण ६२ टक्के होतं. २०१४ साली हे छापून आलं.

मग मी मुलाला फॉर्म भरायला बाहेर पाठवलं. फॉर्मची घाई नव्हती. मला त्या बोटांबद्दल विचारायचं होतं.

"काकू, नाडी का बघताय?"

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे जिना चढूनच वर आले होते. दारात बसले ते बसलेच." अकरा वर्षं झाली होती त्याला. तेव्हापासून छातीत जरा धडधडलं की त्या थांबत. घरच्यांना वाटायचं, वयामुळे हालचाल कमी झाली. "आणि हृदय कमजोर निघालं ना, तर ऑपरेशनच करणार नाहीत माझं. त्या सायकलवर मी आठ मिनिटांत थांबले. नापास झाले मी."

म्हणजे अडचण आळसाची नव्हती, आरामाच्या हौसेचीही नव्हती. आपल्या हृदयाला काम सांगायचीच त्यांना भीती वाटत होती. अशा वेळी "काही होत नाही हो" म्हणणं मला पटत नाही. त्यांच्या घरात झालेलं होतं.

त्या सायकलच्या परीक्षेत कोणी पास-नापास नसतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तोंडाला मास्क लावून, छातीला तारा जोडून, पाय थकेपर्यंत पॅडल मारायला लावतात आणि प्रत्येक जण कुठे तरी थांबतोच. मी म्हटलं, "काकू, त्या आठ मिनिटांत शेजारी डॉक्टर उभे होते, ईसीजी चालू होता. घरचा जिना चढायला लागेल त्याहून जास्त काम तुमच्या हृदयाने तिथे केलंय आणि ते सगळं कागदावर उमटलंय. ते पाहूनच त्यांनी तुम्हाला व्यायाम सांगितलाय." त्यांनी विचारलं, "खरंच?" फाइलमधला तो कागद काढून मी त्यांच्या हातात दिला आणि भूलतज्ज्ञांना फोन लावला. माझ्यापेक्षा त्यांच्या तोंडून ऐकणं जास्त गरजेचं होतं.

हृदयाबद्दल त्या दिवशी आम्ही बरंच बोललो. मोठ्या ऑपरेशननंतर शरीराची ऑक्सिजनची मागणी वाढते आणि ती काही दिवस वाढलेलीच राहते. म्हणजे पेशंट कॉटवर पडलेला असतो, पण हृदय चढ चढत असतं. सराव असलेलं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून तेवढ्याच कामाला कमी ठोके लागतात. काही दिवसांच्या व्यायामाने रक्तातला द्रवही वाढतो, त्यामुळे हृदय जास्त भरतं. आणि मांड्यांच्या पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारी यंत्रणा वाढली की स्नायू आलेल्या रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढून घेतात. हृदयावरचा भार असा पायांमध्येही हलका होतो. काकूंना हे फार आवडलं. "म्हणजे पाय मदत करतात?" त्यांनी दोनदा विचारलं.

धडधड कोणती चालेल आणि कोणती नाही, हे लिहूनच दिलं. चालताना धडधडतं, धाप लागते, पण तुटक का होईना बोलता येतं आणि थांबल्यावर काही मिनिटांत शांत होतं, तर ते हृदयाचं काम चालू आहे. छातीत दाब किंवा दुखणं, ते जबड्याकडे वा हाताकडे सरकणं, डोळ्यांपुढे अंधारी, बसूनही न थांबणारी धाप, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं आणि लगेच डॉक्टर.

व्यायाम फिजिओथेरपिस्टने ठरवला. दोन मिनिटं झपझप चालायचं, दोन मिनिटं रमतगमत, पुन्हा झपझप. एक दिवसाआड मांड्यांचा व्यायाम. रोज श्वासाचा. आहारतज्ज्ञांनी प्रथिनं वाढवली, कारण नुसत्या व्यायामाने स्नायू बनत नाहीत. हिमोग्लोबिन ९ होतं, त्यासाठी लोह सलाइनमधून दिलं. रक्तच कमी असेल तर बिचारं हृदय किती धावणार? मुलाला मी वही दिली. व्यायाम थांबवताच नाडी किती आणि एका मिनिटाने किती, हे त्याने लिहायचं. मायेला करायला काही तरी लागतं. कॉट हलवण्यापेक्षा वही बरी.

पहिल्या दिवशी खुर्चीतून हात न टेकता उठायचं होतं. काकूंनी दोन्ही तळवे छातीवर घेतले, पुढे झुकल्या, मांड्या थरथरल्या, आणि त्या परत खुर्चीत बसल्या. तिसऱ्या प्रयत्नात उभ्या राहिल्या. अर्ध्या मिनिटात एकूण चार वेळा.

सगळं सरळ झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस त्यांनी चप्पलच घातली नाही. "व्यायामाने गाठ थोडीच जाणार आहे?" त्या रडत होत्या. मी खरं तेच सांगितलं, नाही जाणार. गाठ सर्जन काढतील. त्या दिवशी व्यायामाचं नावही न काढता आम्ही फक्त त्यांच्या यजमानांबद्दल बोललो. दुसऱ्या दिवशी वहीत पुन्हा आकडे आले.

एक सांगते. हे वाचून कोणी आपल्या मनाने जिने चढायला लागू नये. बसल्या जागी छातीत दुखत असेल, हृदयाची झडप खूप अरुंद झाली असेल, हार्ट फेल्युअर आटोक्यात नसेल, तर आधी डॉक्टरांचा शब्द हवा. आणि ‘अजून थोडा व्यायाम होऊ दे’ म्हणून कॅन्सरच्या ऑपरेशनची तारीख स्वतःहून पुढे ढकलू नका. हातात दहाच दिवस असतील तर दहा दिवस चाला, श्वासाचा व्यायाम शिकून घ्या, पण कॉटवर काढू नका.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काकू अर्ध्या मिनिटात अकरा वेळा उठल्या. ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी खुर्चीत बसल्या. टाक्यांच्या जागी संसर्ग झाला, आठवडाभर ड्रेसिंग चाललं. व्यायाम केला म्हणून काहीच होणार नाही, असं मी कधीच सांगितलं नव्हतं. पण ते ड्रेसिंग चालू असताना त्या वॉर्डातून रोज फेऱ्या मारत होत्या.

सहा आठवड्यांनी दोघं तपासणीला आले. मुलगा लिफ्टने वर आला आणि म्हणाला, "आई जिन्याने येतेय, मला पुढे पाठवलं." काकू आल्या, धाप लागली होती, बसल्या. मी वहीसाठी हात पुढे केला, तर त्या म्हणाल्या, "थांबा, आधी श्वास घेऊ दे." दोन्ही हात मांड्यांवर ठेवून त्या शांतपणे बसून राहिल्या. नाडी कोणीच बघितली नाही.