शेवटी तापाच्याच गोळ्या?

प्रश्न : राळेगाव तालुक्यात माझी कोरडवाहू शेती आहे. मुलगी सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाली, सध्या बाँडवर (सक्तीच्या सरकारी सेवेवर) पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. पुढं फॅमिली मेडिसिन घेतो म्हणते. पाहुणे म्हणतात, रेडिओलॉजी भेटेपर्यंत थांब. मागच्या भादव्यात फवारणीतून चक्कर आलेला माणूस तिनं आधी साबणानं धुवून काढायला लावला, ते मोठ्या कौतुकानं सांगत होती. साडेपाच वर्षं शिकून पोरगी शेवटी तापाच्याच गोळ्या देईन काय?

उत्तर : भाऊ, ते साबणाचं तुम्ही सहज लिहून गेलात, पण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच आहे. फवारणीचं विष कातडीतूनही अंगात जातं. कपडे उतरवून माणूस धुतला नाही तर ते जातच राहतं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ, अंगभर घाम... हे ओळखून अ‍ॅट्रोपिन (या विषावरचं औषध) सुरू करायचं आणि मग यवतमाळला पाठवायचं. रोगावर चिठ्ठी चिकटवून पेशंट येत नाही. ‘अंग दुखते’ म्हणून आलेली शाळकरी पोर आपल्या भागात सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) निघते. हा पहिला निवाडा शिकवणारी शाखा म्हणजे फॅमिली मेडिसिन.

एमबीबीएसनंतरचं हे तीन वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण आहे. बहुतेक जागा डीएनबीच्या (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची, एमडीच्या तोडीची पदवी), एमडीच्या अगदी मोजक्या. प्रवेश नीट-पीजी या प्रवेशपरीक्षेतून. मेडिसिन, बालरोग, प्रसूती, सर्जरी, कॅज्युअल्टी अशा पोस्टिंग फिरत फिरत होतात, शिवाय थिसिस आणि शेवटी लेखी नि प्रात्यक्षिक परीक्षा. वेल्लोरच्या सीएमसीचा (ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा) दूरशिक्षणाचा डिप्लोमाही तुमच्या कानावर येईल. नोकरी सांभाळून शिकायला तो चांगला, पण त्याला डीएनबी समजू नका.

आता कडू बाजू. रेडिओलॉजीइतका पैसा यात नाही. सिझेरियन करायचेच असतील तर तिनं गायनॅक घ्यावं. आणि लग्नाच्या बोलणीत ‘कशातली स्पेशालिस्ट?’ हे दहादा समजावून सांगावं लागेल (एमडी मेडिसिनवाल्यांनाही लागतं, पण कमी).

माझी खरी काळजी मात्र शाखेची नाही, हॉस्पिटलची आहे. काही ठिकाणी फॅमिली मेडिसिनचा रेसिडेंट (तिथंच शिकणारा डॉक्टर) म्हणजे सगळ्या वॉर्डांचा फुकटचा हात: सही याची, डिस्चार्ज कार्ड त्याचं, शिकवणारा कुणीच नाही. म्हणून प्रवेशासाठी हॉस्पिटलांचा पसंतीक्रम भरण्याआधी मुलीनं तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला गाठावं, तेही कॅन्टीनमध्ये, सरांसमोर नाही. रात्री लेबर रूममध्ये बाळंतपण स्वतः करायला मिळतं की नुसतं उभं राहायचं? लॉगबुक (केलेल्या कामाची नोंदवही) खरं भरतं की परीक्षेच्या आदल्या आठवड्यात? ओपीडीत तोच बीपी-शुगरचा पेशंट पुन्हा त्याच डॉक्टरकडे येतो का? थिसिसचा गाइड फोन उचलतो का? याची उत्तरं गुळमुळीत आली तर ती जागा खाली ढकलावी, शहर कितीही मोठं असो.

रेडिओलॉजीसाठी थांबायचं की नाही, हे पाहुण्यांना विचारू नका, तिला विचारा. अंधाऱ्या खोलीत दिवसभर एक्स-रे, स्कॅन पाहायला तिला आवडत असेल तर खुशाल एक वर्ष द्यावं. पण तिनं घरी येऊन सांगितलं ते साबणाचं, एक्स-रेचं नाही.