ठक, ठग आणि फासेपारधी

परळीच्या एका वाचकताईंनी विचारलंय, "ऐतिहासिक मालिकांत रुमालानं वाटसरूचा गळा आवळणाऱ्याला ठग म्हणतात. आमच्या घरात ठक म्हणजे गोड बोलून फसवणारा. हे शब्द दोन की एकच? आणि मालिका बघून पोरं विचारतात, फासेपारध्यांचा फासा म्हणजे तोच का?"

शब्द एकच. संस्कृतात 'स्थग' म्हणजे लबाड, त्यावरून ठग आणि मराठीतला ठक. ठकवणं, ठकबाजी, ठकास महाठक, कुठंही बघा, फसवणूक आहे, खून नाही. वाटेत ओळख काढून, मुक्कामाला सोबत करून मग जीव घेणाऱ्या टोळ्यांना हे नाव पडलं तेही त्या विश्वासघातामुळं. दक्षिणेत त्यांनाच 'फासीगर' म्हणत.

गळा आवळणारा हाच अर्थ ठळक झाला तो कंपनी सरकारच्या काळात. कंपनीचा इंग्रज अधिकारी स्लीमन यानं माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर ठगांविरुद्ध मोहीम उभी केली. 1836 च्या कायद्यानं तर अमुक गुन्हा केला हे सिद्ध करायचीही गरज ठेवली नाही. ठगांच्या टोळीत होता एवढं ठरलं की जन्मठेप. निजामाच्या नोकरीतल्या मेडोज टेलरनं 1839 मध्ये एका ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली, ती विलायतेत गाजली. हाच टेलर पुढं निजाम आणि कंपनी यांच्यातल्या 1853 च्या तहानंतर आपल्या नळदुर्गचा कारभार बघायला आला. पडद्यावरचा ठग कंपनीच्या दप्तरांतून आणि त्या कादंबरीतून आलाय, आपल्या बोलीतून नाही.

आता फासा. फासेपारध्यांचा फासा शिकारीचा. बारीक पण चिवट दोऱ्यांचे सरकफास ओळीनं खुंट्यांना बांधायचे, तितरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर मांडायचे आणि लांबून पाखरं हळूहळू त्या बाजूला वळवत आणायची. मान किंवा पाय अडकला की फास आवळतो. पारध करतो तो पारधी, फासे लावून करतो तो फासेपारधी. माणसाच्या गळ्याशी या नावाचा काडीचा संबंध नाही. पोरांना हे आवर्जून सांगा.

कारण या घोळाची किंमत माणसं मोजतात. जुने मराठी शब्द बघा: वाटमाऱ्या, घरफोड्या, दरोडेखोर, खिसेकापू. प्रत्येक शब्द कृत्य सांगतो, जात सांगत नाही. 1871 च्या इंग्रजी कायद्यानं अख्ख्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं. पुढं मुंबई इलाख्यात पारधीही त्यात आले. हा कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला, पण कपाळाला टिळा, डोळ्यांत काजळ आणि 'आमच्या रक्तातच आहे' असं म्हणणारा चोर पडद्यावर अजून आहे. बीड-धाराशिवकडं रात्री कुठं चोरी झाली की सकाळी पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते, आणि बघणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. मालिका लिहिणाऱ्यांनी याचा विचार करायलाच हवा.

ताईंनी शेवटी विचारलंय, गावच्या नाटकात वाट अडवून लुटणारी टोळी दाखवायची आहे, काय म्हणावं? 'वाटमारे' म्हणा. पाच किंवा जास्त जण मिळून लुटत असतील तर 'दरोडेखोर'; कायद्यातही दरोड्याला किमान पाच जण लागतात. 'ठग' हा शब्द सोबती बनून दगा देणाऱ्यासाठीच ठेवा.