कवीच्या वह्यांचे संपादन: सही कुणाची घ्यायची?

प्रश्न: एका कवीच्या 14 हस्तलिखित वह्या त्यांच्या पत्नीने मला पुस्तकासाठी उतरवून काढायला दिल्या. तेव्हा लेखी काही झाले नाही. कवी 2009 मध्ये वारले, पत्नीही आता हयात नाहीत. वह्यांत सुमारे 300 कविता आहेत. त्यांतल्या काही कवींच्या हयातीत मासिकांत छापून आल्या होत्या, पण पुस्तक एकही निघाले नाही. मृत्युपत्रात घर मुलाला आणि ‘माझी पुस्तके, वह्या व लेखनाचे सर्व कागद’ मुलीला दिले आहेत, बाकी काही लिहिलेले नाही. मुलीची पुस्तकाला हरकत नाही. मुलाने मात्र वकिलामार्फत नोटीस पाठवून वह्या परत मागितल्या आहेत आणि छपाईला मनाई केली आहे. प्रकाशक म्हणतात, ‘सर्व हक्क माझ्याकडे आहेत’ एवढे लिहून द्या, पुढचे आम्ही बघतो. मी काय करावे? माझ्या एवढ्या मेहनतीवर माझा काही हक्क आहे का?

उत्तर: प्रकाशकांना हवे आहे ते लिहून देऊ नका. ते विधान खरे नाही, आणि उद्या दावा झाला तर नुकसानभरपाई तुमच्या अंगावर येईल. नोटीस आल्यानंतर ‘मला माहीत नव्हते’ हा बचावही राहत नाही. जाणूनबुजून केलेल्या कॉपीराइटभंगाला कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 खाली 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड अशी तरतूद आहे.

वहीचा कागद एकाच्या मालकीचा आणि त्यावरच्या कवितेचा कॉपीराइट दुसऱ्याचा असू शकतो. वह्या तुमच्या घरी आहेत म्हणून कविता छापण्याचा हक्क तुमच्याकडे येत नाही. तुमच्याकडे त्या कामापुरत्या सांभाळायला दिलेल्या आहेत. सांभाळ नीट करायचा आणि काम संपल्यावर परत करायच्या, एवढेच तुमचे नाते. कामाचा मोबदला मिळाला नाही म्हणून त्या अडकवून ठेवू नका.

तुमच्या प्रकरणाची किल्ली कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 20 मध्ये आहे. कवीने मृत्युपत्राने हस्तलिखित कुणाला दिले असेल आणि ती रचना त्याच्या मृत्यूपूर्वी प्रसिद्ध झाली नसेल, तर हस्तलिखिताबरोबर तिचा कॉपीराइटही त्याच व्यक्तीला दिला असे कायदा धरतो. मृत्युपत्रात वेगळा हेतू दिसत असेल तरच अपवाद. त्यामुळे अप्रकाशित कवितांचा कॉपीराइट मुलीचा. मुलाची त्यात भागीदारी नाही. तरी मृत्युपत्र स्वतः पूर्ण वाचा, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत ना ते पाहा आणि शेवटी ‘लेखनाचे उत्पन्न दोघांनी वाटून घ्यावे’ अशी एखादी ओळ नाही ना याची खात्री करा.

मासिकांत आलेल्या कवितांना कलम 20 लागू होत नाही. त्यांचा कॉपीराइट मृत्युपत्रात कुणालाच दिलेला नाही, म्हणून तो वारसाहक्काने जातो. हिंदू वारसा कायदा लागू असेल तर 2009 मध्ये पत्नी, मुलगा आणि मुलगी असे तिघे समान वाटेकरी झाले (कवींची आई तेव्हा हयात असल्यास त्याही). पत्नींनी मृत्युपत्र केले नसेल तर त्यांचा वाटा दोन्ही मुलांत वाटला गेला. म्हणजे या कवितांपुरता मुलगा निम्म्याचा मालक आहे आणि त्याच्या संमतीशिवाय त्या छापता येणार नाहीत. एकट्या सहमालकाला परवाना देता येत नाही, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयानेही घेतलेली आहे. नोटीस काही अंशी बरोबर आहे, ती अशी.

म्हणून सर्वांत आधी एक तक्ता करा: कवितेची पहिली ओळ, वही क्रमांक, पान, पूर्वप्रसिद्धी, मासिकाचे नाव, महिना-वर्ष. मासिकांचे जुने अंक ग्रंथालयात बसून चाळावे लागतील. दिवाळी अंक आणि स्मरणिका हमखास निसटतात, त्या विसरू नका. कायद्याच्या दृष्टीने प्रसिद्धी म्हणजे फक्त छपाई नव्हे. आकाशवाणीवरून कविता प्रसारित झाली असेल तर तीही प्रसिद्ध झाली असे म्हणता येते. कविसंमेलनात वाचलेल्या कवितांबद्दलही वाद घालता येतो. अशा शंकेच्या कविता ‘प्रसिद्ध’ रकान्यात टाका आणि दोघांचीही सही घ्या. मासिकात आलेल्या कवितेचा वहीत वेगळा पाठ (म्हणजे शब्दांत फरक असलेले रूप) सापडला तर तोही याच रकान्यात धरा. मासिकांची परवानगी मात्र सहसा लागत नाही. कविता पाठवून मानधन घेतले म्हणजे हक्क विकले असे होत नाही, त्यासाठी कवींची लेखी हस्तांतरणावर सही असावी लागते.

तक्त्याचा आणखी एक उपयोग. कवी आपल्या वहीत आवडलेल्या दुसऱ्यांच्या कविताही उतरवून ठेवतात, बऱ्याचदा नाव न लिहिता. अक्षर तेच, शाई तीच. एकही खाडाखोड नसलेली आणि इतर कवितांपेक्षा वेगळ्या वळणाची कविता दिसली तर तिचा शोध घेतल्याशिवाय पुस्तकात घेऊ नका. परक्याची कविता आपल्या कवीच्या नावावर छापली गेली तर वारसांच्या सगळ्या सह्या असूनही बचाव होत नाही.

मुदतीचा हिशेबही या दोन रकान्यांप्रमाणे वेगळा होतो. हयातीत प्रसिद्ध झालेल्या कवितांचा कॉपीराइट मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे, म्हणजे 31 डिसेंबर 2069 पर्यंत. मरणोत्तर प्रथम प्रसिद्ध होणाऱ्या कवितांना ही 60 वर्षे प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून मिळतात (कलम 24). पुस्तक 2026 मध्ये निघाले तर 31 डिसेंबर 2086 पर्यंत. मर्ढेकर 1956 मध्ये गेले, त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता 1 जानेवारी 2017 पासून सर्वांना मोकळ्या आहेत. तुमच्या कवीबाबत तशी वाट पाहण्यात अर्थ नाही.

आता तुमच्या मेहनतीबद्दल. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2007 च्या डिसेंबरमध्ये सांगितले की नुसते श्रम पुरेसे नाहीत, किमान काही सर्जनशीलता हवी. चुका दुरुस्त करणे, विरामचिन्हे नीट करणे यातून स्वतंत्र कॉपीराइट निर्माण होत नाही. कवीचे अक्षर लावून जशीच्या तशी उतरवलेली कविता, मग त्यात तुमची कितीही वर्षे गेली असोत, कवीचीच राहते. हे ऐकायला कठोर वाटेल, पण उतरवणुकीचा आदर्शच असा की त्यात उतरवणाऱ्याचे काही दिसू नये. तुमची प्रस्तावना, टिपा आणि पाठभेदांवरची चर्चा मात्र तुमची. कवितांची निवड आणि क्रम तुम्ही स्वतःच्या दृष्टीने लावला असेल तर त्या मांडणीवरही तुमचा हक्क सांगता येतो. हे भाग करारात नाव घेऊन तुमच्याकडे ठेवा आणि वह्या उतरवण्याचा मोबदला वेगळ्या कलमात, ठरीव रकमेत मागा.

यापुढे मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पाठाची. कलम 57 प्रमाणे कवीच्या प्रतिष्ठेला बाध येईल असा फेरफार झाला तर त्याचे कायदेशीर प्रतिनिधी दाद मागू शकतात. हा हक्क कॉपीराइटपासून स्वतंत्र आहे, म्हणून ज्या कवितांवर मुलाची मालकी नाही त्यांच्याबाबतीतही तो हे कलम पुढे करू शकतो. प्रकाशकाचे मुद्रितशोधक साहित्य महामंडळाच्या लेखननियमांवर बोट ठेवतील. त्या नियमांत केशवसुतपूर्व पद्य मुळानुसार छापावे आणि नंतरचे नियमांप्रमाणे, असे आहे खरे. पण तो कायदा नव्हे. वृत्तबद्ध ओळीत कवीने ‘कवि’ असा ऱ्हस्व शब्द लघू म्हणून बसवला असेल आणि छापताना त्याचा ‘कवी’ झाला, तर तिथे गुरू येऊन वृत्त मोडते. वाचक चूक कवीच्या पदरात टाकतो. वृत्तातल्या ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नका. ‘घरांत’, ‘नाहीं’ यांवरचे अनुच्चारित अनुस्वार काढायचे की ठेवायचे ते एकदा ठरवा, सर्वत्र तसेच करा आणि संपादकीय नोंदीत सांगा.

अक्षर लावताना ख आणि रव, ध आणि घ, भ आणि म यांची गफलत होते. ‘घन’ आणि ‘धन’ दोन्ही ओळीत अर्थ देत असतील तर त्याच पानावरचे कवीचे निःसंशय ध आणि घ शोधून ताडून पाहा. तरीही ठरत नसेल तर एक वाचन छापा, दुसरे तळटीपेत द्या. एका शब्दावर दोन पर्याय लिहिले असून एकही खोडलेला नसेल, तर निवड तुमची आहे हे लपवू नका. संगणकावर दोन फायली ठेवा. पहिलीत खाडाखोडीसह, कंसांच्या ठरीव खुणांनी, जसे आहे तसे, दुसरीत मुद्रणप्रत. पहिली कधीही सुधारायची नाही. वाद झालाच तर कोणता शब्द कवीचा आणि कोणता तुमचा हे तिच्यावरूनच दाखवता येईल.

वह्या परत देण्याआधी स्कॅन करणे गरजेचे आहे, पण स्कॅन हीसुद्धा कायद्याने प्रतच. कवींच्या पत्नींनी तोंडी दिलेल्या परवानगीवर विसंबू नका. मुलीकडून एक पत्र घ्या: आतापर्यंतची उतरवणूक मान्य, स्कॅनला परवानगी, स्कॅन फक्त संपादनासाठी. प्रसिद्ध कविता असलेल्या पानांसाठी मुलाकडूनही तसेच पत्र मागा. 400 डीपीआय पुरे, पेन्सिलीच्या पानांना 600 ठेवा. कोरी पाने आणि मलपृष्ठेही घ्या. तारखा तिथेच सापडतात.

नोटिशीला वकिलामार्फत उत्तर द्या. त्यात वह्या तुमच्याकडे सुरक्षित आहेत, मृत्युपत्राप्रमाणे त्या मुलीच्या असल्याने तिच्याच हाती परत करणार, आणि प्रसिद्ध कविता मुलाच्या लेखी संमतीशिवाय छापणार नाही, एवढे स्पष्ट लिहा. प्रसिद्ध कवितांची यादी सोबत जोडा. कोणत्या कवितांत आपला हक्क मानला आहे हे दिसले की बोलणे सुरू होऊ शकते. संमती नाहीच मिळाली, तर त्या कविता वगळून फक्त अप्रकाशित कवितांचा संग्रह मुलीच्या परवान्यावर काढता येतो.

प्रकाशकाशी करार मुलीने करावा, प्रसिद्ध कविता घ्यायच्या असतील तर मुलानेही, आणि तुम्ही संपादक म्हणून सही करावी. त्यात कवितांची यादी, मानधनाचे प्रमाण, मुदत आणि प्रदेश लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. ई-बुक, ध्वनिपुस्तक आणि अनुवाद यांचे हक्क वेगळे नोंदवा. छपाईपूर्वीचे अंतिम प्रूफ तुमच्या सहीशिवाय जाणार नाही, हे कलम प्रकाशक सहसा स्वतःहून घालत नाहीत. ते मागून घ्या.

वह्या परत करताना वहीनिहाय पानांची संख्या, सुटी पाने आणि फाटलेल्या जागा यांची यादी करून मुलीची पोच घ्या. दोन प्रती करा, दोन्हींवर दोघांच्या सह्या आणि तारीख.